न आलेल्या डिस्कची वाट किती पाहायची?

लिनक्सवर चालणारा सर्व्हर सुरू होता होता मध्येच अडतो. काळ्या पडद्यावर तांबड्या चांदण्या डावी-उजवीकडे सरकत राहतात आणि शेजारी मोजणी चालू असते. दीड मिनिटापैकी १२ सेकंद झाले, १३ झाले, १४ झाले. एका लांबलचक क्रमांकाच्या डिस्कची वाट पाहणं चालू आहे, एवढंच ती ओळ सांगते. ९० सेकंद संपतात, डिस्क येत नाही आणि संगणक पुढे जाणं सोडून देऊन आणीबाणीच्या कन्सोलवर पासवर्ड मागत उभा राहतो.

या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. प्रत्येक फाइलची एक प्रत पहिल्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या डिस्कवर. त्यांतली एक रात्रीतून बंद पडली, पण उरलेली ठणठणीत आहे आणि तिच्यावर सगळं काही आहे. जास्तीची प्रत ठेवली होती ती नेमकी अशाच दिवसासाठी. मग संगणक उरलेल्या डिस्कवर कामाला का लागत नाही?

उत्तरासाठी थोडं खोलात जावं लागतं. अनेक डिस्कवर पसरलेली फाइल सिस्टिम आपले भाग ओळखते कशी, गोळा कसे करते आणि 'आता सुरू करायला हरकत नाही' हे कधी ठरवते, हे समजून घ्यावं लागतं. घरातल्या नॅस पेटीपासून, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेटीपासून, मोठ्या डेटा सेंटरपर्यंत असंख्य लोकांचे फोटो, हिशेब आणि दस्तऐवज या एका निर्णयावर अवलंबून असतात. तो घाईने घेतला तर जे नुकसान होतं, ते डिस्क जळण्याहूनही वाईट असू शकतं.

एका डिस्ककडून अनेक डिस्ककडे

पूर्वी गणित सोपं होतं. एक डिस्क किंवा तिचा एक विभाग, आणि त्यावर एक फाइल सिस्टिम. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 'रेड' या नावाने प्रसिद्ध झालेली कल्पना मांडली. एक महागडी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि त्यांतली एखादी गेली तरी काम चालू राहील अशी माहितीची वाटणी करायची. सुरुवातीला हे काम बहुधा वेगळं कंट्रोलर कार्ड करत असे. कोणत्या खाचेत कोणती डिस्क आहे हे कार्डाला ठाऊक असे आणि वरच्या फाइल सिस्टिमला एकच मोठी डिस्क दिसे.

पुढे हे काम सॉफ्टवेअरकडे आलं. लिनक्समध्ये 'एमडी' नावाचा रेडचा थर आणि त्याच्या जोडीला अनेक डिस्कची जागा एकत्र करून वाटणारं 'एलव्हीएम' आलं. मग फाइल सिस्टिमनेच अनेक डिस्क थेट सांभाळायच्या, हा विचार पुढे आला. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अॅरन्स यांच्या चमूने घडवलेली 'झेडएफएस' २००५ मध्ये ओपनसोलॅरिसमधून खुली झाली. २००७ मध्ये ओरॅकलमध्ये काम करणाऱ्या क्रिस मेसन यांनी लिनक्ससाठी 'बीटीआरएफएस' लिहायला घेतली आणि २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे २.६.२९ या कर्नलमध्ये, दाखल झाली. २०२० च्या फेडोरा ३३ पासून तर या लिनक्स वितरणाच्या डेस्कटॉपवर तीच मूळ निवड आहे. तेव्हा हा विषय आता फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा राहिलेला नाही.

फाइल सिस्टिमने डिस्क थेट सांभाळण्यात मोठे फायदे आहेत. बीटीआरएफएस प्रत्येक ब्लॉकची तपासणी-बेरीज ठेवते. एका प्रतीत दोष आढळला तर ती दुसरीवरून दुरुस्त करते. वेगवेगळ्या आकारांच्या डिस्कही एकत्र नांदू शकतात. पण कार्ड गेलं तेव्हा खाचांचा हिशेब ठेवणाराही गेला. कोणती डिस्क कुणाची, हे आता डिस्कवरच लिहिलेलं असावं लागतं.

ओळखपत्र डिस्कवरच

लिनक्समध्ये डिस्कना मिळणारी एसडीए, एसडीबी, एसडीसी ही नावं सापडण्याच्या क्रमाने दिली जातात. आज जी एसडीबी आहे ती उद्या एसडीसी असू शकते. मधल्या पोर्टमध्ये एखादा पेनड्राइव्ह राहिला किंवा एखादी डिस्क फिरायला दोन सेकंद उशिरा लागली तरी क्रम बदलतो. त्यामुळे या नावांवर विसंबून काहीही बांधता येत नाही.

म्हणून प्रत्येक सदस्य डिस्कवर एक छोटी नोंद असते. तिला सुपरब्लॉक म्हणतात. बीटीआरएफएसचा सुपरब्लॉक ४ केबीचा असतो आणि तो डिस्कच्या सुरुवातीपासून ६४ केबी अंतरावर सुरू होतो. डिस्क पुरेशी मोठी असेल तर ६४ एमबी आणि २५६ जीबी या ठिकाणीही त्याच्या प्रती असतात. या नोंदीत फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे १२८ बिटांचा एकमेव ओळख क्रमांक, असतो आणि तो सगळ्या सदस्य डिस्कवर सारखाच असतो. याशिवाय त्या विशिष्ट डिस्कचा वेगळा यूयूआयडी आणि सदस्य क्रमांक असतो. एकूण सदस्य किती, हा आकडा असतो. आणि एक फार मोलाची संख्या असते, ती म्हणजे जनरेशन. प्रत्येक व्यवहार डिस्कवर पक्का झाला की ही संख्या एकाने वाढते. दोन डिस्कपैकी कोणत्या डिस्कवरची माहिती ताजी आणि कोणत्या डिस्कवरची मागे पडलेली, हे या आकड्यावरूनच ओळखतात.

बाकीच्या प्रणालीही हेच करतात, फक्त जागा वेगळ्या. झेडएफएस प्रत्येक डिस्कवर २५६ केबीची चार लेबलं ठेवते, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी. एमडीची सध्याची प्रचलित नोंद डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर असते आणि जनरेशनच्या जागी तिच्यात घटनांची संख्या असते. एलव्हीएम आपली खूण पहिल्या चार सेक्टरांपैकी एकात, बहुधा दुसऱ्यात, ठेवतं.

डिस्क आल्याची वर्दी

डिस्क चालू संगणकाला जोडता-काढता येते, याला हॉटप्लग म्हणतात. त्यासाठीची तयारी तारेपासूनच सुरू होते. सॅटाच्या वीजजोडणीतले सगळे संपर्क एकाच वेळी टेकत नाहीत. ग्राउंडचे काही संपर्क लांब ठेवलेले असतात, ते आधी टेकतात आणि मग बाकीचे. डिस्क खुपसताना ठिणगी पडून इलेक्ट्रॉनिक्सला इजा होऊ नये, यासाठी ही योजना. यूएसबी २ मध्ये जोडलेलं उपकरण एका डेटा तारेवरचा विद्युतदाब वर खेचतं आणि त्यावरून हबला कळतं की कुणी तरी आलं.

मग कर्नल डिस्कला तिची ओळख विचारतो, तिच्यावरचे विभाग वाचतो आणि 'नवं ब्लॉक उपकरण आलं' असा निरोप सोडतो. हा निरोप ऐकत बसलेला कार्यक्रम म्हणजे यूडेव्ह. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली आणि २०१२ मध्ये तो लिनक्स सुरू करण्याचं काम पाहणाऱ्या सिस्टिमडी प्रकल्पात सामील झाला. निरोप मिळाला की यूडेव्ह डिस्कवरच्या ठरावीक जागा चाचपून पाहतो. बीटीआरएफएसची आठ अक्षरी खूण डिस्कच्या ६५,६०० व्या बाइटपासून असते. ती सापडली की डिस्क कुणाची ते कळतं, यूयूआयडी हाती लागतो आणि त्या यूयूआयडीच्या नावाने डिस्ककडे नेणारा एक दुवा तयार होतो.

एकाच डिस्कची फाइल सिस्टिम असती तर काम इथेच संपलं असतं. अनेक डिस्कच्या बाबतीत पुढचा टप्पा असतो. यूडेव्ह बीटीआरएफएसच्या कर्नलमधल्या भागाला ही डिस्क दाखवतो आणि विचारतो, या फाइल सिस्टिमचे सगळे सदस्य आले का? कर्नल यूयूआयडीनुसार एक यादी राखतो. नवी डिस्क तो यादीत घालतो, आलेले सदस्य मोजतो आणि सुपरब्लॉकमधल्या एकूण आकड्याशी ताडून पाहतो. आकडे जुळले नाहीत तर उत्तर 'अजून नाही'. मग यूडेव्ह त्या डिस्कवर 'तयार नाही' असा शिक्का मारतो आणि सिस्टिमडी माउंट करायचं, म्हणजे फाइल सिस्टिम वापरासाठी उघडायचं, थांबवून ठेवतो. शेवटचा सदस्य आला की उत्तर बदलतं आणि आधी अडवून ठेवलेल्या डिस्कचीही नव्याने दखल घेतली जाते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. माउंट करताना माणूस कोणत्याही एकाच डिस्कचं नाव देतो, आणि तरी बाकीच्या डिस्क आपोआप सापडतात. कर्नल त्या क्षणी डिस्क शोधत फिरत नाही. त्याच्या यादीत त्या आधीच नोंदलेल्या असतात. नोंद झालेली नसेल तर 'बीटीआरएफएस डिव्हाइस स्कॅन' ही आज्ञा देऊन ती करवून घ्यावी लागते. डिस्क जोडलेली असूनही 'सदस्य गायब' असा संदेश आला की जाणकार आधी ही आज्ञा चालवून पाहतात, ते यामुळेच.

न येण्याची वर्दी कुणी देत नाही

आता खरी अडचण. डिस्क आली की घटना घडते आणि निरोप जातो. डिस्क आलीच नाही तर काहीच घडत नाही. मेलेली डिस्क 'मी येणार नाही' असं कळवत नाही, आणि सावकाश फिरायला लागलेली डिस्क 'मला पाच सेकंद द्या' असंही सांगत नाही. वऱ्हाडाची बस निघायच्या वेळी यादीतले दोघे आलेले नसावेत आणि त्यांच्याशी संपर्काचं काही साधन नसावं, तशी ही स्थिती. ते वाटेत आहेत की येणारच नाहीत, हे बसमध्ये बसून कळायला मार्ग नाही. घड्याळाकडे पाहून कुणी तरी ठरवावंच लागतं.

फरक काही सेकंदांचा असतो, पण तो खरा असतो. एनव्हीएमई एसएसडी सुरू होताच उत्तर देते. साडेतीन इंची हार्ड डिस्कला तबकड्या पूर्ण वेगात आणायला काही सेकंद लागतात. सुरू होताना अशी एक डिस्क १२ व्होल्टच्या तारेवर साधारण २ अँपिअर खेचते, म्हणून अनेक डिस्कच्या पेट्यांत त्या मुद्दाम एकामागून एक सुरू केल्या जातात. शेवटच्या डिस्कची पाळी येईपर्यंत बराच वेळ जातो. यूएसबी हबमागे असलेल्या डिस्कची हजेरी तर आणखी उशिरा लागते.

पूर्वी यावर एक उपाय वापरत. यूडेव्हकडची सगळी कामं संपेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे जायचं. पण हाती असलेली कामं संपली याचा अर्थ नवं कुणी येणार नाही असा होत नाही. दोन निरोपांच्या मधल्या शांततेत ही पद्धत फसते. सिस्टिमडीच्या कर्त्यांनीच तिचा वापर टाळा असं आता सांगितलं आहे.

चार प्रणाली, चार उत्तरं

किती थांबायचं आणि कोणाच्या जबाबदारीवर निघायचं, याची उत्तरं प्रत्येक प्रणालीने वेगळी दिली आहेत.

एमडीचं उत्तर सर्वांत विचारपूर्वक आखलेलं आहे. त्याचं व्यवस्थापन करणारा एमडीएडीएम हा कार्यक्रम नील ब्राउन यांनी २००१ मध्ये लिहिला. एक एक डिस्क येईल तशी ती गटात घातली जाते. अपेक्षित सगळ्या आल्या तर गट लगेच सुरू होतो. काही कमी असतील पण चालवण्यापुरत्या असतील तर ३० सेकंदांचा एक टायमर लागतो. तेवढ्यात बाकीच्या आल्या तर उत्तम, नाहीतर गट आहे त्या डिस्कवर सुरू केला जातो. यात एक चांगली सोय आहे. एखादी डिस्क आधीच निकामी झाल्याची नोंद उरलेल्या डिस्कवर असेल तर तिची वाट पाहिलीच जात नाही, कारण ती येणार नाही हे लेखी आहे. आणि ती डिस्क नंतर उगवलीच तर तिच्यावरची घटनांची संख्या मागे पडलेली दिसते. कर्नल तिला ताज्या डिस्कच्या बरोबरीने घेत नाही.

एलव्हीएमने २०१८ च्या २.०३ आवृत्तीत आलेल्या डिस्कचा हिशेब ठेवणारा स्वतंत्र पार्श्वभूमी कार्यक्रम काढून टाकला आणि साधी पद्धत आणली. आलेल्या प्रत्येक डिस्कमागे तात्पुरत्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल तयार होते. गटातल्या सगळ्यांच्या फाइली दिसल्या की गट सुरू होतो.

झेडएफएस प्रत्येक गटात पुरेशा डिस्क आहेत का, एवढं पाहते. जोडीतली एक डिस्क नसली तरी ती साठा उघडते आणि त्याची अवस्था 'डिग्रेडेड' असल्याचं स्पष्ट दाखवते. याच्या जोडीला ती आणखी एक खबरदारी घेते. हा साठा शेवटी कोणत्या संगणकाने वापरला, त्याची ओळख लेबलावर लिहिलेली असते. दुसऱ्या संगणकाने रीतसर सोडलेला नसेल तर जबरदस्तीची आज्ञा दिल्याखेरीज साठा उघडत नाही.

आणि बीटीआरएफएस? तिथे तयारीचा प्रश्न फक्त मोजणीचा आहे. सगळे आले का, हो की नाही. तीन डिस्कपैकी दोघींवर काम चालू शकतं का, हे ती विचारतच नाही. एक सदस्य कमी असेल तर 'तयार' हे उत्तर कधीच येत नाही. मग सिस्टिमडीचे ९० सेकंद संपतात आणि सुरू होणं अडतं. माउंटच्या यादीत 'डिग्रेडेड' हा पर्याय आधीच लिहून ठेवला तरी उपयोग होत नाही, कारण गाडी माउंटपर्यंत पोहोचतच नाही. मूळ विभागासाठी तर काही वितरणांत वेळेची मर्यादाही नसते. मोजणीच्या शेजारी सरळ 'मर्यादा नाही' असं लिहिलेलं दिसतं. तो सर्व्हर ठणठणीत डिस्क हाताशी असून अडून बसतो, तो यामुळे.

यावरून बीटीआरएफएस आणि सिस्टिमडी यांच्या बाजूंनी वर्षानुवर्षं वाद झडले आहेत. दूर ठेवलेला सर्व्हर एका डिस्कसाठी बंद राहावा, ही तक्रार खरीच आहे. पण थांबण्यामागचं कारणही तितकंच खरं आहे.

दोन भाग, दोन इतिहास

समजा जोडीतली एक डिस्क केवळ सैल केबलमुळे उशिरा आली. संगणकाने घाई केली आणि तो पहिल्या डिस्कवर एकट्याने सुरू झाला. त्यावर दिवसभर पत्रं लिहिली गेली, हिशेब झाले. दुसऱ्या दिवशी उलट घडलं. या वेळी फक्त दुसरी डिस्क आली आणि संगणक तिच्यावर एकट्याने सुरू झाला. तिच्यावर कालचं काहीच नाही, आणि आता तिच्यावरही नवं लिखाण होतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही डिस्क एकदम येतात. यूयूआयडी तोच, सदस्य दोन, आकडे जुळतात, सगळं 'तयार'.

पण आता फाइल सिस्टिमचे दोन इतिहास आहेत आणि दोन्ही आपापल्या परीने खरे आहेत. दोन्ही डिस्कवरचे जनरेशन आकडे पुढे गेलेले आहेत. एकाच जनरेशन आकड्याचे, पण मजकूर वेगळा असलेले ब्लॉक दोन्हींवर असू शकतात, आणि त्यांच्या तपासणी-बेरजाही बरोबर येतात. ताजं कोणतं हे ओळखण्याचं साधनच निकामी होतं. पुढचं लिखाण या गोंधळावर होत जातं आणि फाइल सिस्टिम दुरुस्तीपलीकडे जाऊ शकते. दोन्ही डिस्क धडधाकट असताना माहिती जाते. अशा वेळी हातात डिस्कऐवजी बॅकअपच उरतो.

म्हणूनच उरलेल्या डिस्कवर सुरू करायचं का, हा निर्णय माणसाने पाहून, जाणून घ्यावा, ही भूमिका योग्य आहे. दुसरी डिस्क खरंच गेली आहे की तिची केबल निसटली आहे, हे पेटी उघडणाऱ्याला दिसतं. घड्याळाला ते दिसत नाही.

चालता चालता गेलेली डिस्क

फाइल सिस्टिम चालू असतानाच यूएसबीची तार निसटली, की आणखी एक प्रश्न उभा राहतो. तार पुन्हा बसवली की डिस्क परत येते, पण नव्या नावाने. जुनं नाव माउंट असलेल्या फाइल सिस्टिमने अजून धरून ठेवलेलं असतं, म्हणून कर्नल पुढचं मोकळं अक्षर देतो. जी एसडीबी होती ती एसडीडी होते.

एमडी अशा डिस्कला गटातून बाहेर काढतं आणि काढल्याची नोंद ठेवतं. लिखाणाच्या जागांचा नकाशा चालू असेल तर डिस्क परत घेतल्यावर मधल्या काळात बदललेला भागच तिच्यावर उतरवला जातो. झेडएफएसही चुकलेल्या व्यवहारांची नोंद ठेवते आणि परतलेल्या डिस्कवर तेवढंच भरून काढते. दोन्हींमुळे मोठ्या डिस्कवर तासन् तास लागणारं काम कधी काही मिनिटांत होतं.

बीटीआरएफएसमध्ये ही सोय नाही. सदस्य गेला तरी ती उरलेल्या प्रतीवर काम चालू ठेवते आणि चुका मोजत राहते. 'डिव्हाइस स्टॅट्स' या आज्ञेने त्या पाहता येतात. वाचनाच्या, लिखाणाच्या, फ्लशच्या, बिघडलेल्या ब्लॉकच्या आणि जनरेशन न जुळल्याच्या, अशा पाच प्रकारांची मोजणी असते. परतलेल्या डिस्कला ती स्वतःहून पुन्हा कामाला लावत नाही. फाइल सिस्टिम अनमाउंट करून पुन्हा माउंट करावी लागते आणि त्यानंतर 'स्क्रब' चालवावा लागतो. स्क्रब सगळे ब्लॉक वाचतो आणि मागे पडलेली प्रत ताज्या प्रतीवरून दुरुस्त करतो.

हा स्क्रब टाळणं का धोक्याचं, याचं एक बारीक पण महत्त्वाचं कारण आहे. काही फाइलींसाठी तपासणी-बेरीज बंद ठेवली जाते. आभासी संगणकांच्या डिस्क प्रतिमा, डेटाबेस आणि सिस्टिमडीच्या नोंदवह्या या गटात येतात. अशा फाइलची जुनी प्रत कोणती आणि नवी कोणती, हे फाइल सिस्टिमला कळायला मार्गच नाही. त्यातच जोडीतल्या कोणत्या डिस्कवरून वाचायचं हे बीटीआरएफएसच्या मूळ पद्धतीत वाचणाऱ्या प्रक्रियेच्या क्रमांकावरून ठरतं. त्यामुळे एकच फाइल एका कार्यक्रमाला आजची दिसू शकते आणि दुसऱ्याला परवाची. अशा फाइली स्क्रबनेही सुधारत नाहीत. म्हणून अनेक डिस्कच्या फाइल सिस्टिमवर महत्त्वाच्या फाइलींची तपासणी-बेरीज बंद करण्याचा मोह टाळलेलाच बरा.

एकाच ओळखीच्या दोन डिस्क

ओळख डिस्कवर लिहिलेली असल्याचा एक तोटाही आहे. डिस्कची बाइटन् बाइट नक्कल केली की ओळखीचीही नक्कल होते. बरेच जण जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर सगळं उतरवतात आणि दोन्ही जोडलेल्याच ठेवतात. एलव्हीएमचा स्नॅपशॉट घेतला तरी हेच घडतं. आता कर्नलपुढे एकाच यूयूआयडीच्या, एकाच सदस्य क्रमांकाच्या दोन डिस्क उभ्या असतात. बीटीआरएफएस सदस्य गोळा करते ते यूयूआयडीवरून, त्यामुळे चुकीच्या डिस्कवर लिखाण होण्याचा धोका असतो. जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलपासून एका डिस्कच्या फाइल सिस्टिमची नक्कल तात्पुरती वेगळी ओळख देऊन माउंट करता येते. अनेक डिस्कच्या फाइल सिस्टिमला मात्र ही सवलत नाही. तिथे नक्कल झाल्यावर मूळ डिस्क काढून ठेवणं किंवा नकलेचा यूयूआयडी बदलणं, हाच मार्ग.

यूएसबीच्या पेट्यांचा वेगळा त्रास आहे. पेटीतली चिप डिस्क आणि संगणक यांच्या मध्ये बसते. काही चिपा डिस्कचा खरा अनुक्रमांक पुढे पाठवतच नाहीत. काही मोठ्या डिस्कचा सेक्टर ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटांचा दाखवतात. मग तीच डिस्क पेटीतून काढून थेट सॅटावर लावली की तिच्यावरचे विभागच सापडत नाहीत. दोन-तीन यूएसबी डिस्क जोडून त्यांवर कायमची फाइल सिस्टिम उभारणाऱ्यांनी ही तपासणी डेटा भरण्याआधी करून घ्यावी.

डिस्क खरंच गेली तर

बीटीआरएफएसचा एखादा सदस्य गायब झाला की आधी वीज आणि केबल तपासावी. मग 'फाइल सिस्टिम शो' या आज्ञेने कोणता सदस्य क्रमांक नाही ते पाहावं. डिस्क गेलीच असेल तर पहिलं माउंट 'डिग्रेडेड' आणि 'फक्त वाचन' असे दोन्ही पर्याय देऊन करावं आणि बॅकअप नसलेलं सगळं आधी बाहेर काढावं. त्यानंतर लिखाणासाठी माउंट करून 'रिप्लेस' ही आज्ञा द्यावी. गेलेल्या डिस्कला नाव उरलेलं नसतं, म्हणून तिथे तिचा सदस्य क्रमांक लिहितात. दरम्यानच्या काळात काही ब्लॉक एकेरी प्रतीत लिहिले गेलेले असू शकतात. ते 'बॅलन्स' चालवून पुन्हा दुहेरी करावे लागतात. शेवटी स्क्रब. काढलेली डिस्क पुन्हा त्याच संगणकाला लावायची असेल तर आधी दुसरीकडे तिच्यावरची खूण पुसून घ्यावी.

ज्या डिस्कवर सर्व्हर सुरू होणं अवलंबून नाही, तिच्या माउंटच्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय घालून ठेवला तर ती न आल्याने बाकीचा संगणक अडत नाही. वाट पाहण्याचा काळही त्याच ओळीत कमी-जास्त करता येतो.

या सगळ्याची तालीम करायला जादा डिस्कही लागत नाहीत. लिनक्स असलेल्या कुठल्याही लॅपटॉपवर १ जीबीच्या दोन रिकाम्या फाइली कराव्या आणि 'लोसेटअप' या आज्ञेने त्यांना डिस्क म्हणून उभं करावं. त्यांवर दुहेरी प्रतींची बीटीआरएफएस बनवून थोड्या फाइली टाकाव्या. मग अनमाउंट करून दुसरी 'डिस्क' काढावी आणि 'डिव्हाइस स्कॅन'ला 'फर्गेट' हा पर्याय देऊन कर्नलची जुनी यादी पुसावी. उरलेली डिस्क माउंट करायला गेल्यावर कर्नल नकार देतो आणि सदस्य क्रमांक २ नसल्याचं नोंदवहीत लिहितो. 'डिग्रेडेड' पर्याय दिला की तीच डिस्क उघडते आणि टाकलेल्या सगळ्या फाइली दिसतात. रिप्लेस, बॅलन्स आणि स्क्रब या तिन्ही आज्ञा इथे चालवून पाहता येतात, आणि प्रत्येक वेळी कोणता संदेश येतो हे टिपून ठेवता येतं.